बुधवार-शनिवारचं इंजेक्शन

१

मंजुळेनं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि उत्तराताईंच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. मुरांब्याच्या जुन्या बाटल्या, स्वच्छ घासलेल्या, झाकणं घट्ट लावलेली. एकीत कोऱ्या चहात पाणी ओतावं तसं लालसर काहीतरी होतं. दुसरीतलं जवळजवळ पाण्यासारखंच.

"हे काय आणलंस?"

"शालूची लघवी," मंजुळा म्हणाली. "ही लाल हाय ती काल सकालची. आनि ही आजची. ताई, माझ्या पोरीचं औषध कोनतरी चोरतंय."

उत्तरा टिपणीस यांनी चष्मा वर केला. वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी माल तपासण्याचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर नुसतं घरी बसवेना, म्हणून ठाण्यातल्या या धर्मादाय रुग्णालयात त्या आठवड्यातून चार दिवस येत. औषधांचं कपाट त्यांच्या देखरेखीखाली होतं. किल्ली कंपाउंडर काळुरामकडे असली, तरी मोजदाद त्यांची.

मंजुळा चेंदणी कोळीवाड्यातली. सकाळी बाजारात मासळी विकायची, दुपारी नऊ वर्षांच्या शालूला इंजेक्शनला आणायची. शालूला थॅलॅसेमिया. अंगात रक्त नीट बनत नाही, म्हणून दर महिन्याला बाहेरचं रक्त चढवायचं. पण त्या रक्तातलं लोह शरीराबाहेर पडत नाही. ते काळजात, यकृतात साठत जातं आणि पुढे जीव घेतं. ते लोह धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध परदेशातून येई, देणगीदारांच्या कृपेनं. अशी सात मुलं होती. रविवार सोडून रोज प्रत्येकाला एक वायल, म्हणजे रबरी बुचाची, आत पांढरी भुकटी असलेली छोटी बाटली. पाण्यात विरघळवून दुपारी चारला टोचायची.

"पयल्याच दिवशी मोठ्या डाक्टरांनी सांगितलं व्हतं," मंजुळा म्हणाली, "लघवी लाल झाली तर घाबरू नको, ते लोखंड बाहेर पडतंय. तवापास्नं मी रोज सकाली बघतंय. दसऱ्यापास्नं मधेच पांढरी व्हायला लागली. विमलाबाई सिस्टरला सांगितलं. ती बोलली, लोखंड कमी झालं असेल, चांगलंच हाय की."

"मग तसंच नसेल कशावरून?"

मंजुळेनं पिशवीत पुन्हा हात घातला. तिनं घडी घातलेली दिनदर्शिकेची दोन पानं पुढे केली. ज्या सकाळी लघवी लाल, त्या चौकटीत शालूच्या खडूनं लाल टिकली. उत्तराताईंनी बोट फिरवत पाहिलं. सोमवार रिकामे. ते बरोबरच होतं, रविवारी इंजेक्शन नसे. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार लाल. गुरुवार रिकामे. रविवार रिकामे. सहा आठवडे हेच.

लोह खरोखर उतरलं असतं, तर रंग हळूहळू फिका झाला असता. तो बुधवारी पुरता लाल, गुरुवारी पुरता गायब आणि शुक्रवारी पुन्हा हजर, असं होणार नाही. शरीर वार पाहून वागत नाही. वार पाहून वागतो तो माणूस.

म्हणजे बुधवारी आणि शनिवारी दिलेलं इंजेक्शन खोटं होतं.

आणि इथेच उत्तराताई अडल्या. कालच, बुधवारी संध्याकाळी, त्यांनी स्वतः मोजलं होतं. कपाटातून सात भरलेल्या वायल गेल्या, सात रिकाम्या परत आल्या. एकही कमी नव्हती. सहा आठवड्यांत एकदाही कमी नव्हती.

मोजणी बरोबर असताना औषध गेलं कुठे?

२

शुक्रवारी सकाळी त्या वर्तकनगरच्या घरून चालतच वागळे इस्टेटला गेल्या. चंदू पूर्वी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत होता. आता एका गाळ्यात रेडिओच्या सर्किटचे पत्रे बनवत होता. पत्र्यावरचं नको असलेलं तांबं विरघळवायला तो फेरिक क्लोराइड वापरी.

"बाई, तुम्ही आणि केमिकल! रिटायर झालात ना?" तो हसत म्हणाला. "किती पाहिजे? ड्रम देऊ?"

"औषधाच्या बाटलीभर पुरे."

त्यांचा विचार साधा होता. हे औषध लोहाला धरतं, आणि धरलं की त्याचा रंग नारिंगी-लाल होतो. शालूच्या लघवीचा रंग तोच. फेरिक क्लोराइड म्हणजे विरघळलेलं लोह. पातळ केलं तर फिकट पिवळं दिसतं. त्यात औषधाचा अंश पडला तर ते लाल होईल, नाही पडला तर पिवळंच राहील. दोन थेंबांचं काम.

रुग्णालयाच्या मागच्या खोलीत रिकाम्या वायलींचं खोकं होतं. बुधवारच्या सातही वायल त्यांनी थेंबभर पाण्यानं विसळल्या आणि वर पिवळा थेंब टाकला. पहिली लाल. दुसरी लाल. सातही लाल.

म्हणजे पुरवठादारानं नकली माल दिलेला नव्हता. सातही बाटल्यांत खरं औषध होतं, आणि सातही त्या दिवशी उघडून विरघळवलेल्या होत्या. वायल कोणी पळवली नव्हती. आतलं औषध विरघळल्यावर वाट चुकलं होतं.

त्या काळुरामकडे गेल्या. काळुराम भोईर घोडबंदर रोडवरच्या गावातला. पंधरा वर्षं कंपाउंडर. खिडकीत बसून तो गोळ्यांच्या पुड्या बांधत होता.

"मुलांच्या वायल तू सिस्टरना कधी देतोस?"

"साडेतीनला. चारला टोचायच्या असतात." त्याचे हात थांबले. "का? काय कमी आलंय?"

"काही कमी नाही. रोज साडेतीनलाच?"

"बुधवार-शनवार जरा आधी. दीडला." तो त्यांच्याकडे रोखून पाहू लागला. "त्या दोन दिवशी दोन ते चार शिरांची ओपीडी असते ना, विमलाबाई तिकडे पट्ट्या बांधायला असतात. म्हणून आधीच नेतात. त्यांनीच सांगितलेला. ताई, मना चोर ठरवायला आलाव काय? सात देतो, सात घेतो. तुम्हीच मोजता."

"मीच मोजते," उत्तराताई म्हणाल्या. "म्हणून तर विचारतेय."

विमलाबाई लिननच्या कपाटापाशी चादरी लावत होत्या. सव्वीस वर्षांची नोकरी, पांढऱ्या साडीला कधी सुरकुती नाही. शालूचं नाव ऐकताच त्यांनी पुढची चादर उचलली आणि पुन्हा तिचीच घडी घालू लागल्या.

"तिचं लोह उतरलंय. मी आईला सांगितलंय तसं."

"रक्त तपासलं?"

"डॉक्टर सांगतील तेव्हा तपासू."

"दर गुरुवारी उतरतं आणि शुक्रवारी चढतं, असं कसं हो सिस्टर?"

विमलाबाईंनी मान वर केली नाही. त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा पाय कसा आहे आता?"

"बराय," उत्तराताई म्हणाल्या, आणि ह्या बाईनं विषय बदलला एवढंच त्यांच्या मनात आलं.

संध्याकाळी घरी त्यांनी ती पानं पुन्हा उघडली. रिकामे गुरुवार, रिकामे रविवार. मग एका चौकटीवर त्यांचं बोट थांबलं. दिवाळीतला गुरुवार. तिथे लाल टिकली होती.

त्या एकाच बुधवारी शालूला खरं औषध मिळालं होतं. दिवाळी असली तरी मुलांची इंजेक्शनं चुकवलेली नव्हती. विमलाबाई हजर होत्या, काळुरामही. मग त्या दिवशी काय नव्हतं?

३

शनिवारी उत्तराताईंची स्वतःचीच पाळी होती. तीस वर्षं प्रयोगशाळेच्या ओट्याशी उभं राहून डाव्या पायाच्या शिरा फुगून दोरासारख्या झाल्या होत्या. गेल्या वर्षी डॉ. श्रीरंग राजवाड्यांनी शिरांमध्ये औषध टोचून त्या बंद केल्या. दुखणं गेलं, पण शिरांच्या वाटेनं घोट्यापासून पोटरीपर्यंत तपकिरी रेघा उमटल्या आणि हटेनात. साडीखाली कोण बघतंय, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. पण पायाला व्यायाम म्हणून डॉक्टरांनीच पोहायला सांगितलं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या तरणतलावावर बायकांच्या बॅचला जाऊ लागल्या. पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, "काय हो, भाजलंय का?" तेव्हापासून त्या टॉवेल गुंडाळून पाण्याच्या कडेपर्यंत जात. डॉक्टर डाग घालवायच्या सुया देताहेत म्हटल्यावर त्यांनी लगेच होकार दिला होता.

राजवाडे डोंबिवलीचे. बुधवारी आणि शनिवारी ठाण्याला येत आणि मोफत तपासत. उमदा माणूस; बायकांचे पाय स्वतः पुसून पट्टी बांधायला मागेपुढे पाहत नसे.

"चौथी खेप," ते खाली वाकून रेघ निरखत म्हणाले. "बघा, इथे डाग जवळजवळ गेलाय. शिरेतून रक्त झिरपतं ना, त्यातलं लोह कातडीत बसतं. गंजच म्हणा. आपण तो गंज सोडवतोय."

"बाकीच्यांनाही गुण येतोय?"

"आणखी तिघी आहेत. दोघी बुधवारच्या. फोटो काढून ठेवतोय मी. नीट जमलं तर निबंध लिहीन. आपल्याकडे कुणी केलेलं नाही हे."

विमलाबाईंनी बारीक काचेची सिरिंज हातात दिली. निळ्या दट्ट्याची. तपकिरी रेघेवर ओळीनं आठ-दहा बारीक टोचण्या झाल्या. चुणचुणलं. उत्तराताईंचं डोकं मात्र चारच्या इंजेक्शनांकडे लागलं होतं.

मुलांची खोली वरच्या मजल्यावर. ट्रेमध्ये सात सिरिंज आधीच भरून, वर ओलं फडकं टाकून ठेवलेल्या. खाटांच्या क्रमानं. शालूची खाट सातवी, खिडकीपाशी. तिनं दातांत फ्रॉकची बाही धरली आणि डोळे मिटले. मंजुळेनं उत्तराताईंकडे पाहिलं. उत्तराताईंनी मान हलवली, थांब जरा.

भरलेली सिरिंज हिसकावून घ्यावी असं त्यांना क्षणभर वाटलं. पण आपला संशय चुकीचा असला आणि तीच खरी असली तर? पुढे कितीतरी दिवस त्या एका क्षणाच्या विचारानं त्यांना त्रास दिला.

पाच वाजता वापरलेल्या सिरिंज उकळायला जायच्या आत त्यांनी काळुरामला गाठलं.

"आजच्या सगळ्या सिरिंज मला दे. वॉर्डातल्या, ओपीडीतल्या, सगळ्या. खाटेच्या क्रमानं लेबल लाव. सोमवारी परत आणते."

"मी बोलू नको कोनाला?"

"कोणाला नको."

काळुरामनं खिडकी लावली आणि एकेका सिरिंजवर चिकटपट्टी लावून पेन्सिलनं आकडा घातला. त्याचा चेहरा कालच्यापेक्षा निवळलेला होता. चोर शोधणारी बाई आपल्याला कामाला लावतेय, म्हणजे आपण चोर नाही, हे त्याला उमगलं असावं.

वर्तकनगरच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, उत्तराताईंनी काचेचे पेले मांडले. प्रत्येक सिरिंज चमचाभर पाण्यानं विसळून एकेका पेल्यात. मग पिवळे थेंब.

एक ते सहा नारिंगी-लाल झाले. सातवा पिवळाच राहिला. त्यांनी आणखी एक थेंब टाकला, पेला हलवला. पिवळाच.

शालूच्या अंगात आज साधं पाणी टोचलं होतं.

मग सातवी वायल कुठे गेली? चोरून विकायला तर नक्कीच नाही. विकायची तर भुकटी विकतील, बंद बाटली. हे औषध एकदा विरघळलं की दिवसभरात वापरावं लागतं, दुसऱ्या दिवशी कामाचं नाही. म्हणून तर चोराला दर खेपेस ताजी वायल लागत होती. म्हणजे ज्यानं ते घेतलं, त्यानं त्याच दिवशी, त्याच इमारतीत वापरलं. दीड वाजल्यानंतर आणि चारच्या आत. फक्त बुधवारी आणि शनिवारी. आणि दिवाळीतल्या बुधवारी ते लागलं नाही, कारण त्या दिवशी शिरांची ओपीडी बंद होती.

ओट्यावर आणखी एक सिरिंज उरली होती. चिकटपट्टीवर काळुरामनं नुसतं 'ओपीडी' लिहिलं होतं. बारीक काचेची, निळ्या दट्ट्याची.

उत्तराताईंनी ती विसळली. थेंब टाकला.

पेला इतर सहांपेक्षाही गडद लाल झाला.

स्टूल ओढून त्या बसल्या. मग निऱ्या वर घेऊन त्यांनी डावा पाय बघितला. चुणचुण अजून पुरती थांबली नव्हती. रेघ खरोखरच विरत चालली होती.

४

रविवारी सकाळी त्या डोंबिवलीला राजवाड्यांच्या घरी गेल्या. खालच्या मजल्यावर दवाखाना, वर घर. डॉक्टर बागेतल्या झाडांना पाणी घालत होते. उत्तराताईंना पाहून खूश झाले, "पाय दुखला की काय?" म्हणत दवाखाना उघडला.

"पाय नाही दुखला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, माझ्या पायात तुम्ही टोचता ते औषध कुठून येतं?"

"आपल्या वॉर्डातून. थॅलॅसेमियाच्या मुलांचं तेच औषध. लोह धरणारं." ते मोकळेपणानं सांगत होते, त्यात चोरटेपणा नव्हता. "बाहेरच्या एका वैद्यकीय मासिकात कल्पना वाचली. सुरुवातीला दोन वायल मी मुंबईहून मागवल्या. मग मिळेनात. सिस्टरना म्हटलं, वॉर्डात एखादी उरली तर बघा."

"आणि उरली?"

"हो. दर वेळी एक देतात त्या."

"सात मुलं. सात वायल. मी मोजून काढते. दर बुधवारी, दर शनिवारी त्यातली एक उरते, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही?"

उत्तराताईंनी दिनदर्शिकेची पानं त्यांच्यापुढे ठेवली. मग कागदावर काढून आणलेलं काल रात्रीचं टिपण: एक ते सहा लाल, सात पिवळा, ओपीडी लाल. मंजुळेच्या बाटल्यांचं सांगितलं. डॉक्टर हुशार होते. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते पानं बघत राहिले. चौकटी मोजताना त्यांचे ओठ हलत होते.

"कालची धरून बारा," ते म्हणाले.

"बारा."

"मी चोरायला नाही सांगितलं, उत्तराताई."

"मला ठाऊक आहे. तुम्ही विचारायचं टाळलंत."

"नाही सुचलं..." ते म्हणाले, आणि मग स्वतःच मान हलवली. "नाही. सुचलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला. सिस्टरनी वायल ठेवली आणि नजर वळवली. मला कळलं की विचारलं तर ही बंद होईल. गुण यायला लागला होता हो. फोटोत दिसत होता." त्यांनी चष्मा काढला. "एक बोलू? राग मानू नका. तुम्ही तीस वर्षं कारखान्यात येणारं प्रत्येक पिंप तपासलंत. स्वतःच्या पायात काय जातंय, हे तुम्ही तरी एकदा विचारलंत का?"

"नाही विचारलं," उत्तराताई म्हणाल्या. "रंग उतरत होता ना. म्हणून नाही विचारलं."

वरून कुणीतरी चहाला हाक मारली. डॉक्टरांनी दिनदर्शिकेची पानं जुळवून ठेवली.

"काय करू मी?"

"आजच विश्वस्तांना लिहून द्या. जसं घडलं तसं. शालूच्या रक्तातलं लोह उद्या तपासून घ्या. तिचं बुडलेलं औषध कसं भरून काढायचं ते मुलांच्या डॉक्टरांना विचारा, आणि औषध तुम्ही आणा, कुठूनही. तुमचे फोटो, टिपणं, सगळं विश्वस्तांकडे द्या. औषधाचा उपयोग होतोय, तेही लिहा. खरं आहे ते."

"मग तो निबंध..."

"तो कोणाच्या औषधावर झाला, तेही त्यात लिहायची तयारी असेल तर छापा."

डॉक्टरांनी लेटरहेड पुढे ओढलं. उत्तराताई उठल्या नाहीत. सही होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

५

सोमवारी विमलाबाई स्वतःहून त्यांच्या टेबलाशी आल्या. डॉक्टरांनी रात्री फोन केला असावा.

"मला काही सांगायचं नाही," त्या म्हणाल्या आणि तरी बोलू लागल्या. "सव्वीस वर्षांत डॉक्टरांना 'उरलं नाही' असं मी कधी म्हटलेलं नाही. गॉज संपला तर माझ्या पदरचा आणलाय. पहिल्या दिवशी वाटलं, एकदाच देऊ. मग ते दर खेपेला हात पुढे करायचे."

"शालूच का?"

विमलाबाईंनी पदराची घडी सारखी केली.

"बाकीच्या मुलांचे बाप येतात. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलतात, कागदावर लिहून घेतात. शालूची आई मासळीची पाटी टाकून धावत येते आणि खाली जमिनीवर बसते. मला वाटलं, तिच्या लक्षात येणार नाही."

त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला. विश्वस्तांनी तो आठवडाभरानं स्वीकारला. राजवाड्यांची ओपीडी बंद झाली. पुण्याहून, मुंबईहून, कुठून कुठून त्यांनी चौदा वायल मिळवून पाठवल्या. शालूच्या रक्तातलं लोह वाढलेलं निघालं, पण मुलांचे डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं; दोन महिने आणखी तसंच गेलं असतं तर काळजाला धक्का लागला असता.

पण हे सगळं नंतरचं. मंगळवारी संध्याकाळी उत्तराताई चेंदणीला मंजुळेच्या घरी गेल्या. दारात गुणाजी, मंजुळेचा नवरा, जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं उठून जागा दिली. मंजुळेनं चटई घातली, पाणी दिलं.

उत्तराताईंनी काहीही न वगळता सांगितलं. कोणी घेतलं, कसं घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि ते औषध माझ्या पायात गेलं, मंजुळा. सगळं नाही, पण चार खेपा माझ्याच. मला माहीत नव्हतं. पण विचारलं असतं तर कळलं असतं."

गुणाजीच्या हातातली सुई जाळ्यात तशीच राहिली.

"पाय दाखवा," मंजुळा म्हणाली.

उत्तराताईंनी साडी वर केली. मंजुळा खाली बसली, दिवा जवळ घेतला आणि घोट्यापासून वर बोट नेत नेत बघितलं. मासळी चिरून चिरून राठ झालेलं बोट. जिथे डाग गेला होता तिथे ते थांबलं.

"गेलाय की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवेना. "माझ्या पोरीच्या आतलं लोखंड तसंच ऱ्हायलं, आनि तुमच्या पायातलं गेलं."

"हो."

"उरलेला?"

"तो राहील. मी आता नाही घेणार."

"तुमी नाय घेतला म्हनून शालूला काय भेटनार?" मंजुळा उठली. "त्यापरीस असं करा. यापुढं सुई भरतात तवा तुमी समोर उभं ऱ्हायचं. रोज. रविवार सोडून. माझ्या म्होरं."

"राहीन."

"असं नाय. पोरीला सांगा. तिला सगलं कलतं."

शालू आतल्या दाराशी उभी होती; कधीपासून, कोणाला ठाऊक. बारीक चण, चेहऱ्यावर मातकट झाक. ती येऊन चटईच्या कडेला बसली. उत्तराताईंनी तिलाही सांगितलं, सोप्या शब्दांत. तुझं औषध दुसऱ्यांना दिलं गेलं. त्या दिवशी तुझ्या सुईत नुसतं पाणी होतं.

शालूनं नीट ऐकून घेतलं. मग बोटांवर मोजलं.

"बारा दिवस?"

"बारा दिवस."

"पान्याची सुई जास्ती दुखते," ती म्हणाली. "मी आईला बोललेली, आज जास्ती दुखलं. ती बोलली, औषध हाय ना बाय, दुखनारच." तिला खरंच कळत नव्हतं, आणि समोर बसलेल्या बाईला ते ठाऊक असेल असं तिला वाटत होतं. "औषध द्यायचंच नव्हतं, तर मना टोचलं कशाला?"

उत्तराताईंनी उत्तर शोधलं. मोजणी बरोबर यावी म्हणून, हे खरं उत्तर होतं. ती मोजणी त्यांचीच होती.

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला कळू नये म्हणून."

शालूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती सरकून आईच्या जवळ जाऊन बसली.